स्कीमच्या गेटवर 'आजची माहिती'चा फळा कसा चालवायचा

नागपुरात बहुतेक फ्लॅट स्कीमच्या गेटपाशी एक फळा असतोच. त्यावर मेंटेनन्स भरा, टाकी धुणार आहे, गाडी इथे लावू नये एवढंच लिहिलेलं असतं आणि तेच महिनोन्‌महिने पुसट होत जातं. त्या फळ्याचा अर्धा भाग सेक्रेटरीकडून मागून घ्या आणि रोज सकाळी चार ओळी लिहायला लागा, कधी भाषेचं, कधी इतिहासाचं, कधी सामान्य ज्ञानाचं. लेआउटमध्ये छोटं वाचनालय असेल, अभ्यासिका असेल, तर तिथे तर अजूनच चांगलं, कारण तिथली पोरं एमपीएससीसाठी यादीच्या याद्या पाठ करत असतात आणि त्यातल्या किती गोष्टी आपल्या घरापासून दोन-चार किलोमीटरवर आहेत हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून घ्या, बाकी सगळं त्यावर उभं आहे: फळ्यावर जे लिहाल ते वाचणाऱ्याला स्वतः तपासता आलं पाहिजे. जाऊन बघून, मोजून, घरातल्या मोठ्यांना विचारून नाहीतर एखादं पुस्तक उघडून. मोबाइलवर 'तुम्हाला माहीत आहे का' टाइप माहिती सकाळपासून येतच असते, ती लोक वाचतात, पुढे ढकलतात आणि विसरतात. फळ्यावरची माहिती माणसाला एक काम देते, म्हणून ती लक्षात राहते.

सामानाचं फार काही नाही. फळा पोर्चखाली हवा, नाहीतर जूनमध्ये पहिल्याच पावसात सगळं वाहून जाईल. साखरेच्या पाण्यात थोडा वेळ भिजवलेला खडू वापरला तर अक्षर ठळक येतं आणि भुकटी कमी उडते. सकाळी शाळेच्या व्हॅन यायच्या आधी लिहून मोकळं व्हा, कारण व्हॅनची वाट बघत उभे असलेले आईबाप आणि पोरं हेच तुमचे पहिले वाचक, त्यांच्याकडे चार-पाच मिनिटं असतात आणि फळ्याकडे बघण्याशिवाय दुसरं काम नसतं. बाकीचे लोक गाडीवरून जाता जाता वाचणार, म्हणून अक्षर बोटभर उंच आणि मजकूर पाच ओळींच्या आत.

आता लिहायचं कसं ते बघा. हे एक वाक्य घ्या: 'एम्प्रेस मिलची स्थापना १८७७ साली जमशेटजी टाटा यांनी केली. ही मध्य भारतातील एक महत्त्वाची गिरणी होती.' यात चूक काही नाही, पण असं वाक्य वाचून कोणी थांबत नाही. तेच असं लिहा:

'१ जानेवारी १८७७. दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं. त्याच दिवशी नागपुरात टाटांची कापड गिरणी सुरू झाली, म्हणून तिचं नाव पडलं एम्प्रेस मिल. आज तिथे मॉल आहे. तुमच्या घरातलं कोणी मिलमध्ये कामाला होतं का? विचारा.'

फरक कशाने पडला तर तारीख आली, दोन घटना एकमेकींना जोडल्या गेल्या, ओळखीची जागा आली आणि शेवटी वाचणाऱ्याला एक प्रश्न मिळाला. नागपुरात मिलवाल्यांची घरं कमी नाहीत, असा फळा लिहिला की संध्याकाळी एखादे आजोबा हमखास खाली येऊन भोंग्याच्या वेळा आणि पाळ्या सांगत बसतात, आणि ते पुस्तकात मिळत नाही. 'महत्त्वाची', 'प्रसिद्ध', 'ऐतिहासिक' असे शब्द मात्र काढून टाका, त्यांनी काहीच कळत नाही आणि फळ्यावर जागा जाते.

तपासायचं कसं यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. झिरो माइल घ्या. नागपुरातलं लहान पोर पण सांगेल की हा देशाचा मध्यबिंदू. फळ्यावर हेच लिहायचा मोह होतो. त्याऐवजी एक दिवस विधान भवनाजवळ जाऊन तो खांब नीट बघा. चार घोडे, वाळूच्या दगडाचा खांब आणि बाजूला मोजणीचा दगड. हे १९०७ सालचं काम आहे, ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे म्हणजे इंग्रजांनी केलेल्या देशाच्या मोठ्या मोजणीशी जोडलेलं, आणि त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची दिलेली आहे, १०२०.१७१ फूट, म्हणजे जवळजवळ ३११ मीटर. खांबावर आजूबाजूच्या गावांची नावं आणि मैल आहेत, त्यात चांदा आहे, शिवनी आहे, छिंदवाडा आहे. म्हणजे उंची आणि अंतरं हे खांब स्वतः सांगतो. मध्यबिंदूचं काय, ते पोरांना भूगोलाच्या पुस्तकावरून काढू द्या. भारताची मुख्य भूमी उत्तर अक्षांश ८ अंश ४ मिनिटं ते ३७ अंश ६ मिनिटं, पूर्व रेखांश ६८ अंश ७ मिनिटं ते ९७ अंश २५ मिनिटं. दोन्हींचा मध्य काढा. उत्तर येतं २२ अंश ३५ मिनिटं आणि ८२ अंश ४६ मिनिटं, नकाशावर बोट ठेवा, ते छत्तीसगडमध्ये कोरब्याच्या जवळपास पडतं. नागपूर आहे २१ अंश ९ मिनिटं आणि ७९ अंश ५ मिनिटांवर. मध्य काढायच्या अजूनही पद्धती आहेत आणि प्रत्येक पद्धतीत बिंदू हलतो. मग फळ्यावर काय लिहायचं? 'झिरो माइलच्या खांबावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिली आहे. किती? जाऊन वाचा आणि सांगा.' एवढंच. रविवारी मेट्रोने झिरो माइल फ्रीडम पार्क स्टेशनला उतरलं की झालं. एका फळ्यात भूगोल, इतिहास आणि गणित तिन्ही येतं.

यातूनच एक पक्की सवय लावून घ्या, 'पहिला', 'एकमेव', 'सगळ्यात मोठा', 'आशियातला', 'जगातला' हे शब्द दिसले की तिथे थांबायचं. स्टेशनजवळच्या डायमंड क्रॉसिंगबद्दल 'देशात फक्त नागपुरात' असं सगळीकडे फिरत असतं. रुळांवर रूळ आडवे जातात ही बघण्यासारखी गोष्ट आहे, ती लिहा, 'फक्त'शिवाय लिहा, तरी ती तेवढीच छान राहते. मराठीतल्या पहिल्या शिलालेखाचंही तसंच. कोणी श्रवणबेळगोळ म्हणतं, कोणी अलिबागजवळचं अक्षी म्हणतं, अभ्यासकांमध्ये वाचनावरून आणि काळावरून मतभेद आहेत. 'सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक' असं लिहा म्हणजे उद्या कोणी तिसरा लेख दाखवला तरी तुमचं वाक्य खरंच राहील.

फॉरवर्डची माहिती फळ्यावर आणायचीच असेल तर ती खोडून काढायला आणा, पोरांना त्यात फार मजा येते. 'या महिन्यात पाच शुक्रवार, पाच शनिवार, पाच रविवार, असा योग ८२३ वर्षांनी' हा मेसेज सगळ्यांकडे आलेला असतो. ३१ दिवसांचा कुठलाही महिना शुक्रवारी सुरू झाला की हे होतंच, ऑगस्ट २०२५ मध्ये झालं, मे २०२६ मध्येही तेच. भिंतीवरचं कॅलेंडर काढून पोरांना शोधायला लावा, बहुतेक वर्षी असा एखादा महिना सापडतो. पोरानं एकदा हे स्वतः करून बघितलं की पुढच्या फॉरवर्डला ते आपणहून म्हणतं, थांबा, मी बघतो.

तारखांचं वेगळं सांगायला पाहिजे. दिनविशेषाची यादी रोज उतरवून काढणं सोपं असतं, म्हणून बरेच फळे तिथेच अडकतात, अमुक यांची जयंती, तमुक यांची पुण्यतिथी, आणि दहा दिवसांत कोणी वाचत नाही. आठवड्यातून एकदा दिनविशेष पुरे, पण तो नीट सांगा. ६ जानेवारीला पत्रकार दिन का, तर १८३२ साली त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण निघालं. २१ फेब्रुवारी, २७ फेब्रुवारी आणि १ मे या तिन्हींची लोक सर्रास सरमिसळ करतात. २१ फेब्रुवारी जागतिक मातृभाषा दिन, त्याच्यामागे १९५२ मध्ये ढाक्यात बंगाली भाषेसाठी गोळ्या झेललेले तरुण आहेत. २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. १ मे राजभाषा दिन. लगेच २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन येतो, सी. व्ही. रामन यांच्या १९२८ च्या शोधाचा, आणि त्या दिवशी आवर्जून लिहा की हेच रामन तरुणपणी अर्थखात्याच्या नोकरीत असताना काही काळ नागपुरात होते. गांधीसागरजवळच्या रामन विज्ञान केंद्रात शाळेच्या सहलीत सगळेच जातात, पण नावाचा माणूस या शहरात राहून गेला हे फार कमी जणांना माहीत असतं.

तिथी आणि तारीख यांची भानगडही समजावून सांगावी लागते. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली, त्या वर्षी त्याच दिवशी विजयादशमी होती. पुढे दरवर्षी दसरा वेगळ्या तारखेला येतो आणि १४ ऑक्टोबर आपल्या जागी असतो, म्हणून दीक्षाभूमीवर लोक दसऱ्यालाही येतात आणि १४ ऑक्टोबरलाही. बाहेरगावाहून नव्याने राहायला आलेल्या माणसाला हा प्रश्न पडतोच, दोन्हीपैकी खरा दिवस कोणता, तर दोन्ही खरे, एवढं फळ्यावर साध्या भाषेत लिहा.

शके वर्षाचं गणित तर एकदा फळ्यावर करूनच दाखवा. शकेमध्ये ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण १ जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी ७९ मिळवायचे, कारण आपलं वर्ष पाडव्याला बदलतं आणि इंग्रजी वर्ष त्याआधीच बदललेलं असतं. राज्याभिषेक ज्येष्ठातला, शके १५९६, अधिक ७८, म्हणजे १६७४. महाराजांचा जन्म फाल्गुनातला, शके १५५१, इथे ७९ मिळवा, १६३०. हे दोन हिशेब बाजूबाजूला मांडले की सातवीतलं पोरही पुढच्या वेळी कुठल्या देवळाच्या पायरीवर शके वाचलं तर मनात बेरीज करून टाकतं. माझ्या मते इतिहासाची आवड लावायला याच्याइतकं स्वस्त साधन नाही.

भाषेचा दिवस आला की फळ्याचा खरा खजिना तुमच्याच स्कीममध्ये राहतो. पुण्याहून सून म्हणून आलेली ताई भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागते आणि भाजीवाला म्हणतो, 'सांबार पायजे का?' तिला वाटतं हा इडलीचं काहीतरी बोलतोय. सांबार म्हणजे कोथिंबीर, भेदरं म्हणजे टोमॅटो, फल्ली म्हणजे शेंगदाणे, यातले काही शब्द आता घरातल्या पोरांनाही परके व्हायला लागलेत कारण शाळेत कोणी वापरत नाही. दर आठवड्याला एक असा शब्द घ्या आणि खाली विचारा, तुमच्या गावाकडे याला काय म्हणतात? भंडाऱ्याचे काका एक सांगतील, यवतमाळच्या मावशी दुसरं सांगतील, ते सगळं खाली नावगावासकट लिहीत जा. पण हसण्यावारी नेऊ नका, 'गावठी शब्द' असा मथळा तर अजिबात नको. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात अशा शब्दांपुढे 'ना.' म्हणजे नागपुरी, 'व.' म्हणजे वऱ्हाडी अशा खुणा केलेल्या आहेत, तो कोश आणि मोल्सवर्थचा कोश दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीवर फुकट बघता येतात. शब्द तिथे सापडला तर फळ्यावर लिहा, आजी जे बोलते ते कोशात आहे. आजी ते वाचायला खाली येते, आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन शब्द आणते.

सामान्य ज्ञानाला शक्यतो हात लावता येईल अशी गोष्ट निवडा. राजधान्या आणि चलनं नकोत, ती पोरं तशीही पाठ करतात. नागपूरच्या संत्र्याची साल फुगवलेल्या फुग्यावर पिळायला सांगा, फुगा फुटतो, कारण सालीतल्या तेलात लिमोनीन असतं आणि ते रबराला विरघळवतं. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायला सांगा, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर.

आणि २६ मे चुकवू नका. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू असतो, कोणी बाहेर पडत नाही, पण त्या सुमाराला दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास सूर्य नागपूरच्या बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली गडप होते. आदल्या दिवशी फळ्यावर लिहा: 'उद्या १२ वाजता गच्चीवर एक सरळ पाइप किंवा पाण्याची बाटली उभी करा. सावली कुठे गेली?' सूर्याकडे बघायचं नाही, सावलीकडे बघायचं, हे वर मोठ्या अक्षरात. टोपी घाला, पाणी प्या, पंधरा मिनिटांत खाली या. दुसऱ्या दिवशी कारण लिहा. सूर्य उत्तरेकडे सरकत सरकत २१ अंशांवर येतो तेव्हा तो आपल्यावर असतो, पुढे जातो आणि परतताना जुलैच्या मध्यावर पुन्हा एकदा येतो, फक्त तेव्हा ढग असतात. आणि बाराला का नाही, १२.१० ला का, तर देशाचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे, आपण त्याच्या पश्चिमेला, एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे चौदा मिनिटांच्या आसपास उशीर व्हायला पाहिजे, पण मे अखेरीस सूर्य स्वतः घड्याळाच्या तीनेक मिनिटं पुढे असतो, म्हणून हिशेब तिथे येतो. हे शेवटचं मोठ्या पोरांसाठी ठेवा, लहानांना सावली गेली एवढंच पुरतं.

बघायला जाता येईल अशा जागांची एक यादी वेगळी करून ठेवा आणि शनिवारचा फळा त्यातूनच लिहा म्हणजे रविवारी लोक जाऊ शकतात. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला लोकांना आत सोडतात, तेव्हा त्याच्या आदल्या दिवशी नोव्हेंबर १८१७ ची भोसले आणि इंग्रजांची लढाई लिहा. अजब बंगला, म्हणजे नागपूरचं जुनं संग्रहालय, १८६३ पासूनचा आहे, तिथे एका फेरीत दहा फळ्यांचा मजकूर मिळतो. काटोल रोडने जुनापाणीला गेलात तर लोहयुगातली दगडी वर्तुळं आहेत, ३०० च्या आसपास, आणि आपण त्यांच्या बाजूने गाडी चालवत जातो. रामटेकला जाणारे नगरधनला क्वचितच थांबतात, ते वाकाटकांचं नंदिवर्धन, राजधानी, तिथून प्रभावतीगुप्ता नावाच्या राणीने राज्य सांभाळलं, ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, आणि तिचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सापडला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तर कोणाला वेगळं सांगायलाच नको, काळी मारबत, म्हणजे मिरवणुकीने नेऊन जाळतात तो पुतळा, १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते एवढं लिहा आणि खाली 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत'.

वादाचे विषय येतात तेव्हा काही जण फळाच बंद करतात, तसं करू नका. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं, २८ सप्टेंबर १९५३ ला विदर्भाने मराठी राज्यात यावं यासाठी नेत्यांमध्ये नागपूर करार झाला, म्हणून विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथे भरतं. इतकं लिहिलं की पुढची मतं लोक खाली ओट्यावर बसून मांडतीलच, फळ्यावर मत लिहायचं नाही आणि कोणाला लिहू द्यायचं नाही. जाती, धर्म, पक्ष यांच्या कुरघोडीची कुठलीच ओळ नको, ज्येष्ठ माणसाने हट्ट धरला तरी नको, 'काका, याचं पुस्तक दाखवा, उद्याच लिहितो' म्हणायचं, पुस्तक येत नाही किंवा येतं तेव्हा तुम्हालाच नवीन काही कळतं. आणि कोणी तुमच्या फळ्यातली चूक दाखवली तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच आकाराच्या अक्षरात दुरुस्ती लिहा, कोणी दाखवली तेही लिहा.

एक जाड वही ठेवा. तारीख, काय लिहिलं, कुठून घेतलं आणि कोण काय बोललं, एवढे चार रकाने. कुठून घेतलं हा रकाना रिकामा असेल तर तो मजकूर फळ्यावर जात नाही, हा नियम स्वतःसाठीही पाळा. मराठी विश्वकोश मोबाइलवर उघडतो, १९०८ चं नागपूर जिल्ह्याचं गॅझेटिअर इंटरनेटवर आहे, सीताबर्डीच्या राजाराम वाचनालयात जुनी पुस्तकं आहेत, त्यामुळे कुठून घ्यायचं हा प्रश्न फारसा येत नाही. पाच-सहा मजकूर नेहमी आगाऊ तयार ठेवा, लग्नाला गावी जावं लागतं, ताप येतो. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत खडू पोरांच्या हातात द्या, एका पोराला एक आठवडा, पण वहीचा तिसरा रकाना त्यांनीच भरायचा आणि तुम्ही फक्त तो बघायचा.